नवनाथांपैकी एक, अक्षरं पाच

अधिक महिना लागला आणि धर्मापुरीहून सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, रविवारी धोंड्याला या." अधिकात जावयाला देव मानतात. पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वर कपडे आणि एखादं भांडं देतात. (इतर महिन्यांत काय मानतात ते विचारू नये.) जाताना रविवारची पुरवणी सोबत घ्यायची, एवढा एकच निर्णय त्या दिवशी माझा होता. बाकीचे सगळे योगिताचे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे.

पुरवणीत अर्धं पान भरून शब्दकोडं येतं. आमचे हेडक्लार्क बंकटराव ते पूर्ण सोडवून दर सोमवारी माझ्या टेबलावर ठेवतात आणि काहीही न बोलता निघून जातात. माणसाने बोलून अपमान केला तर उत्तर तरी देता येतं! या सोमवारी आपणच आधी नेऊन ठेवायचं, असं मी ठरवलं होतं.

बाराच्या आत मी कोडं जवळजवळ संपवलं, तेही पेनाने. (पेन्सिल भित्री माणसं वापरतात.) अडला तो एकच शब्द. 'नवनाथांपैकी एक, अक्षरं पाच.' मी ठोकून 'कानिफनाथ' लिहिलं होतं, पण उभ्या शब्दामुळे तिसरं अक्षर 'नी' यायला लागलं. खाडाखोड झाली. मच्छिंद्र बसेना, गोरक्ष बसेना. शेवटी चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंना विचारलं.

"मामी, नवनाथांपैकी एक सांगा. शेवटी 'नीनाथ' येतं."

मामींनी झर्रकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आगं बया! मला ठावं हाय, पर माझ्या तोंडानं न्हाई यायचं ते."

"का? वाईट शब्द आहे?"

"वाईट कावून आसंल? लई चांगलं हाय. वर्षाराणी, तू तरी सांग गं!"

वर्षाराणी त्यांची सून. ती "मी तर न्हाईच बाई," म्हणून तोंडावर हात दाबत परसात पळाली. मी हादरलोच. नाथांचं नाव घ्यायला दोन बायका लाजतात, आणि हे लोक पेपरात बिनदिक्कत छापतात!

"निदान खूण तरी सांगा," मी म्हणालो.

"भाईर बाजंवर बसल्यात न्हवं," मामी कुजबुजल्या.

मी बाहेर जाऊन बघितलं. बाजेवर सासरे बसले होते. बाजेखाली शेळी होती. मी शेळीकडेसुद्धा नीट बघितलं. मग परत आलो.

"मामी, तिथे नाथबिथ कोणी नाही. मामाच आहेत."

चुलीपलीकडून योगिता उठली. तिने माझा दंड धरून मला धान्याच्या पोत्यांमागे नेलं.

"माझ्या आबाचं नाव काय?"

"आबा," मी म्हणालो.

"लगीन होऊन सात वर्सं झाली, आन् तुमाला सासऱ्याचं नाव म्हाईत न्हाई? आई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, वर्षाराणी सासऱ्याचं घेत न्हाई, एवढं तरी डोसक्यात शिरतंय का?"

कोड्यातला नाथ आणि बाजेवरचा सासरा एकच होता, आणि मला दोघेही येत नव्हते. पण माझी काय चूक? मी त्यांना मामा म्हणतो, लेकरं आबा म्हणतात, मामी "आवं" म्हणतात.

"मग तू सांग ना."

"मी कशाला सांगू? आबा तूप वाढाया आले की त्यांच्यासमोर नाव घ्यायचं, मानानं. न्हाई आलं, तर समद्यांम्होरं सांगते, तुमच्या लाडक्या जावयाला तुमचं नाव बी ठावं न्हाई. कालपासून जावई येनार, जावई येनार करायलेत ते!"

तिचे डोळे भरले होते. मला खरोखर लाज वाटली. बंकटराव गेले उडत, हे नाव आता आलंच पाहिजे होतं.

मोबाईलमध्ये बघितलं. नंबर 'सासरे धर्मापुरी' या नावाने होता. लग्नपत्रिका आठवली, पण तीत मी फक्त माझं नाव वाचलं होतं. मग गोठ्यात जाऊन मेव्हण्याला, लखनला, गाठलं. शेवटी मी क्लार्क आहे.

"लखन, एक फॉर्म भरायचाय. पूर्ण नाव सांग रे."

"लखन जी."

"जी म्हणजे?"

"जी म्हंजी आबा, दाजी."

तेवढ्यात पानं मांडल्याची हाक आली. मला पाटावर बसवलं, समोर नवंकोरं पितळी ताट ठेवलं. धोंडे, आमटी, भात, काठावर भलामोठा पापड. मामा तुपाची वाटी घेऊन वाकले. समोर योगिता उभी होती, हाताची घडी घालून. वेळ काढायचा म्हणून मी पापड उचलला.

पापडाखाली, ताटाच्या काठावर, अक्षरं कोरलेली होती. मी वाचलं आणि ओरडलोच, "गहिनीनाथ! अरे गहिनीनाथ! सापडला गहिनीनाथ!"

मामांच्या हातातलं तूप माझ्या नव्या शर्टावर सांडलं. मामींनी पदर तोंडात कोंबला. सासऱ्याला समोरासमोर, नुसत्या नावाने, तेही तीनदा हाक मारणारा जावई त्या घरात कुणी पाहिला नव्हता. (ज्या नाथांच्या नावाचा गड अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक, त्यांचं नाव मला पापडाखाली सापडावं!) योगिताने कपाळाला हात लावला.

"मामा, माफ करा," मी कसंबसं म्हणालो. "ते नाव... मी वाचत होतो."

"मग वाचा की फुडं," मामा शांतपणे म्हणाले.

मी वाचलं, "गहिनीनाथ व सौ. साखराबाई यांजकडून जावई..." पुढे चार बोटं जागा कोरी होती. मग एकदम 'यांस सप्रेम भेट.'

आता मामा जमिनीकडे बघायला लागले.

"त्याचं काय झालं, बापू," ते म्हणाले. "दुकानदार ईचारत होता, जावयाचं नाव काय घालू. आमी समदे येकमेकाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलो. योगीला फोन लावला, तर ती काय नवऱ्याचं नाव घेईना. म्हनलं, जागा सोड बाबा, रविवारी जेवाया आले की त्यांनाच ईचारू."