खरातकाकांची कच्ची नस

खरातकाका आमच्या विभागाचे तीन जिने हेल्मेट घालूनच चढतात आणि खुर्चीत नीट टेकल्यावरच ते काढतात. जिन्यात कोणी हसलं तर थांबून आपल्या हिंदीमिश्रित मराठीत सांगतात, "भिया, मेंदू किती नरम असतो ते तुम्हाला नाही मालूम." हे ते मेंदूच्या डॉक्टरांना सांगतात.

काका सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे साचे बनवायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या सरांनी त्यांना शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी डोकी करायला बसवलं. डोकं म्हणजे कडक प्लास्टिकची कवटी, तिला एक खिडकी, आत मेंदू म्हणून जेली, जेलीत गाठ म्हणून बिटाचा तुकडा आणि त्याला चिकटलेली लाल पाण्याची रबरी नस. नस न फोडता गाठ काढायची, एवढंच. पहिल्या वर्षी मी कितीतरी डोकी लाल पाण्यात बुडवली.

जेली किती मऊ हवी यावर काकांनी दोन महिने घालवले. पनीर आणलं, खरवस आणला, वाट्या सरांपुढे मांडून त्यांना बोट लावायला लावलं. सर खरवसाला "जवळजवळ" म्हणाले. तेव्हापासून काकांच्या घरी कोणी खरवस खात नाही.

आमचा सराव चालू असताना ते मागे श्वास रोखून उभे राहत. "टेन्शन घ्यायचं डॉक्टरजी, पण बोटांत नाही घ्यायचं," असं म्हणत, आणि त्यांची स्वतःची बोटं शर्टाचं बटण पिळत असत.

दुसऱ्या वर्षी देवासच्या एका बाईंच्या ऑपरेशनमध्ये सरांनी गाठीची एक कड मला सोडवायला दिली. नस फाटली. सरांनी लगेच हात घातला, पण रक्त लवकर थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई गेल्या. नस गाठीत रुतलेली होती, त्यांच्याही हातून फाटली असती, असं सर म्हणाले. मला वाटलं, धीर द्यायला म्हणताहेत.

त्यानंतर ऑपरेशनला उभं राहायचं मी टाळू लागले. सरावाच्या खोलीकडे मी फिरकेना. ही शाखाच सोडायची म्हणून अर्ज लिहून ठेवला.

एका रविवारी सकाळी काका हॉस्टेलच्या गेटवर आले. मी येत नाही म्हणून निरोप पाठवला, तर तिथंच दोन तास बसून राहिले. शेवटी गेले त्यांच्याबरोबर.

टेबलावर पाच डोकी मांडलेली होती. पहिल्यात नस फुटली, दुसऱ्यात फुटली. पाचव्याला मी इतकी सावकाश गेले की हात जरासुद्धा हलला नाही, तरी फुटली. मी चिमटा खाली ठेवला आणि म्हटलं, माझ्याच्यानं हे होणार नाही.

काकांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली.

"प्राची, पाचही नसा मी कच्च्या घातल्यात. गाठीला चिकटते तिथं रबराचा नुसता पापुद्रा आहे."

मग पिशवीतून सहावं डोकं काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. आतली जेली लालभडक झाली होती.

"हे काल सरांना दिलं. सांगितलं नव्हतं काही. त्यांच्याकडूनही फुटली."

मी त्या डोक्याकडे बघत बराच वेळ रडले. काका तोवर टेबलावरचं लाल पाणी पुसत राहिले. माझं रडून झाल्यावर त्यांनी आणखी एक डोकं काढलं. यातली नस सलाईनच्या बाटलीला जोडलेली होती, म्हणजे फुटली की वाहतच राहणार. फुटणार तर आहेच, थांबवायचं कसं ते करू, म्हणाले. नस बदलून बदलून आम्ही दुपारपर्यंत तेच करत होतो. कापूस दाबून धरायचा आणि घाबरून उचलायचा नाही. चौथ्या खेपेला कापसाखालून पाणी यायचं थांबलं.

अर्ज मी दिला नाही. सोमवारी ऑपरेशनला उभी राहिले.

पण त्या दुपारी सामान आवरताना काका माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "दोन वर्षं मी सगळ्या नसा पक्क्या बनवत आलो. पोरं घाबरू नयेत म्हणून. त्या बाई गेल्या तेव्हापासून वाटतंय, मीच तुम्हाला खोटं शिकवलं."

मी म्हटलं, "काका, तुमच्या हातून काही चुकलं नाही."

त्यांनी मान हलवली. मी फक्त धीर देतेय असंच त्यांना वाटलं, हे स्पष्ट दिसत होतं. आठ दिवस ते घरी धड जेवले नव्हते, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. त्या दुपारी मी नुसती त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना मेसमध्ये जेवायला घेऊन गेले.