जाधव गुरुजींचा राग

आमचे शेजारी जाधव गुरुजी टीव्हीवरच्या बातम्या उभ्याने बघतात. तेही इस्त्रीचा शर्ट घालून. दिवसभर बनियनवर वावरणारे गुरुजी सातच्या बातम्यांच्या आधी शर्ट चढवतात, गळ्यापर्यंत बटणं लावतात आणि टीव्हीसमोर उभे ठाकतात. मी एकदा कारण विचारलं.

"भांडायचं तर नीट कपड्यांत भांडावं," म्हणाले.

भांडण रोजचंच. पडद्यावर लाल पट्टी आली, निवेदिका 'ब्रेकिंग न्यूज' म्हणाली की गुरुजी कडाडतात, "काय मोडलं? आधी काय मोडलं ते सांग!" बहुधा कुठल्या तरी नटीचं लग्न जमलेलं असतं. "अगो, जमलं तर मोडलं कशाला म्हणतेस?"

एकदा बातमी आली, कुठल्याशा कंपनीने हजारो माणसं कामावरून काढली आणि त्याच दिवशी तिचा शेअर वर गेला. गुरुजींचा आवाज दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून आमच्या स्वयंपाकघरात आला. "माणसं घरी बसली म्हणून शेअर वाढला? आणि हे तू दात काढून सांगतेस? प्रकाश, ऐकलंस काय रे?" न ऐकून सांगतो कोणाला! आमच्या बौद्धवाडीतली अर्धी पोरं मुंबईत अशाच नोकऱ्यांवर. गुरुजींनी त्या संध्याकाळी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन लावले. चौकशीचा सूर नाहीच, सरळ झापायला सुरुवात. "नोकरी आहे ना? मग फोन का करत नाहीस, मेल्या?"

तर गेल्या दिवाळीच्या सुमारास एका वाहिनीची गाडी खुद्द आमच्या गावात आली. महामार्गावरचा अर्धवट पूल दाखवायला. बोलणार कोण, हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी गुरुजींना पुढे ढकललं.

आणि गुरुजी बोलले! "हे खांब मी नोकरीत असताना उभे राहिले. मी निवृत्त झालो, हे अजून कामावर रुजू व्हायचेत. इथे सिमेंटपेक्षा नारळ जास्त खर्ची पडले. प्रत्येक निवडणुकीला एक!" लोकांनी टाळ्या पिटल्या. सावर्ड्याला बाजाराला निघालेले रिक्षावालेसुद्धा थांबले.

"मस्त, आजोबा!" वार्ताहर मुलगी म्हणाली. "पण मागून ट्रक गेला हो. परत एकदा बोला ना. आणि जरा अजून चिडून."

"परत?" गुरुजींचा चेहरा लाल झाला. "मी काय नाटकात काम करतो? राग आला होता, तो बोललो. आता तुझा आलाय, तो दाखवू काय?"

मुलगी वरमली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरं, तुमच्या घरातल्या कोणाला या रस्त्यामुळे काही झालंय का? तसं असलं तर बातमी मोठी होते."

दोन वर्षांपूर्वी सुमनकाकूंच्या, म्हणजे गुरुजींच्या पत्नीच्या, छातीत दुखायला लागलं होतं. त्यांना चिपळूणला नेणारी रुग्णवाहिका याच खांबांखाली गाड्यांच्या गर्दीत अडकली. मी खाली उतरून पुढच्या गाड्यांना हात जोडत होतो. गुरुजी आत होते. काकू तिथेच गेल्या.

"नाही," गुरुजी म्हणाले. "आमच्या घरातलं कोणी नाही."

मी तोंड उघडलं. त्यांनी असं काही बघितलं माझ्याकडे, की ते मी मिटलं.

घरी परतताना मात्र माझा संताप आवरेना. "गुरुजी, सांगायचं होतंत! सगळ्या महाराष्ट्राला कळलं असतं."

ते रस्त्यातच थांबले. "काय कळलं असतं? तिचा फोटो लावला असता. त्याखाली रडकं संगीत. आणि मग साबणाची जाहिरात! जन्मभर चारचौघांत मोठ्याने बोलली नाही रे ती. त्या गाडीतसुद्धा मला काय म्हणाली, ठाऊक आहे? ड्रायव्हरला सांगा, भोंगा बंद कर. पुढच्यांना तरी कुठे जागा आहे?"

ते दोन पावलं पुढे गेले.

"एवढंच मागितलंन," गुरुजी म्हणाले. "आणि मी तिचा हात धरून ड्रायव्हरवर ओरडत होतो, वाजव, वाजव, अजून जोरात वाजव."