खंड्याच्या चोचीत घेवडा

आमच्या शेजारच्या मगदूम आप्पांच्या भिंतीवर एक खंड्या आहे. त्याच्या चोचीत मासा नाही, घेवड्याची शेंग आहे.

मुळात चित्र बरोबर होतं. साहेबाच्या काळातल्या, हातानं काढलेल्या पक्ष्यांच्या छापील चित्रांचा गठ्ठा आप्पांना मिरजेत रद्दीच्या दुकानात सापडला. त्यातल्या खंड्याच्या चोचीत चांगला मासा होता. आप्पा पडले जैन. "भिंतीवर का असंना, घर आपलं हाय. आपल्यात चालत न्हाई," म्हणत त्यांनी बियाण्यांच्या कॅलेंडरातली शेंग कापून माशावर चिकटवली. घुबडाच्या पंजातल्या उंदराची भेंडी झाली. मी आपलं मदत म्हणून रताळं सुचवलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "जमिनीखालचं हाय ते. शिकलेली माणसं तुमी."

हा सगळा खटाटोप आप्पांच्या बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी होता. काकू रोज सकाळी गच्चीवर पाखरांना जोंधळे टाकायच्या. जिन्यात पडल्या, खुबा मोडला आणि ऑपरेशनला पुण्याला मुलाकडे गेल्या. आता जिना कायमचा बंद. त्या फोनवर म्हणायच्या, "गच्चीवर जाता येत न्हाई, तर सांगलीला येऊन काय करू?" आप्पा फोन ठेवायचे आणि भिंतीत आणखी एक खिळा ठोकायचे.

फ्रेमवाल्यानं तर कहरच केला. त्याचं बरंचसं काम गेलेल्या माणसांच्या फोटोंचं. सवयीनं त्यानं प्रत्येक चित्राला चंदनाचा हार घालून दिला. बारा पक्षी एकदम स्वर्गवासी. हार काढायला आम्हा दोघांना दुपार लागली. मी हसत होतो, आप्पा अजिबात हसत नव्हते.

अखेर काकू आल्या, चार दिवस राहून बघते म्हणून. वॉकर टेकत एकेका चित्रापुढे थांबल्या. खंड्यापुढे जरा जास्तच.

"आवं, ह्येच्या तोंडात घेवडा कुणी घातला?"

"मीच," आप्पा खाली बघत म्हणाले. "तुला वर जाता येत न्हाई. म्हणून त्यास्नी खाली बोलावलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करतो. काकू मात्र सरळ म्हणाल्या, "बोलावलंसा, आणि उपाशी ठेवलंसा व्हय? दाणं कुठं हायत?"

आप्पांनी डबा आणला. काकूंनी मूठभर जोंधळे भिंतीच्या कडेला टाकले, अगदी गच्चीवर टाकायच्या तसे, आणि आत जाऊन निवांत पडल्या.

दाणा पडला की मुंग्या येतात, मुंग्या आल्या की पायाखाली मरतात, म्हणून आप्पा एरवी दुसऱ्याच्या घरातलासुद्धा शिताचा कण उचलतात. आता ते फरशीवर बसले आणि एकेक जोंधळा वेचून डब्यात टाकू लागले. मी मदतीला वाकलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"असू द्या, मी येचतो. उद्या परत लागत्यात तिला."