पानिपत देऊन घेतलेली एम.बी.ए.

घरबसल्या पदव्या देणारे विद्यापीठ एका कुकरच्या कंपनीने विकत घेतल्यापासून जुनी पदवी देऊन नवी घेण्याची सोय झाली होती. फलटणच्या हेमलता खटावकरांनी इतिहासाची बी.ए. देऊन एम.बी.ए. मागवली. पतसंस्थेतली मॅनेजरची जागा एम.बी.ए.लाच मिळणार होती, आणि चेअरमनचे मेहुणे अभ्यासाला लागले होते.

सासूबाईंना, यमुनाबाईंना, एकच काळजी होती. डोळे गेल्यापासून सूनबाई रोज संध्याकाळी त्यांना इतिहास सांगत. आता संध्याकाळी करायचे काय?

कंपनीचा माणूस टाय लावून आला. बोहारणींशी घासाघीस करण्यात आयुष्य गेलेल्या यमुनाबाई पुढे सरसावल्या.

"नुसता कागद न्या. आतलं राहू द्या."

"रिकामी पदवी कंपनी घेत नाही, आजी. तशा फार येतात, परत पाठवतो." त्याने हेमलतांना दोनचार प्रश्न विचारले. "वापर बराच झालाय."

"वापर झालाय म्हणूनच चकचकीत आहे! बरं, पानिपत तेवढं ठेवा."

"ते सुटं निघत नाही."

"मग वर एक झारा द्या."

"चमचा देतो."

"चमचे घरात ढीग आहेत. झारा!"

झारा ठरला. माणसाने हेमलतांना पाटावर ताठ बसवले आणि डोक्यावर झाकण धरले. तिसऱ्या शिट्टीला इतिहास निघाला. एम.बी.ए. खोक्यात होती, वॉरंटी कार्डासकट. ती बसवायला वेळ लागला नाही.

हेमलता मॅनेजर झाल्या. मेहुण्यांनीही पेढे खाल्ले.

त्या संध्याकाळी यमुनाबाई सवयीने म्हणाल्या, "विश्वासरावांना गोळी लागली, तिथं थांबलो होतो."

"कोण विश्वासराव?"

यमुनाबाई म्हणाल्या, "बस अशी. मी सांगते." आणि त्यांनी, दरवर्षी सूनबाईंकडूनच ऐकलेले पानिपत, फौज दक्षिणेतून निघाल्यापासून सांगायला घेतले.

हेमलता मन लावून ऐकत होत्या. "एवढी बायकामाणसं बरोबर? आणि धान्याचं नियोजन कुणाकडे होतं?"

"तेच तर!"

सांगता सांगता संक्रांतीचा दिवस उजाडला, गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. सूनबाईंनी सासूबाईंचा हात घट्ट धरला.

"आई, मग जिंकलं कोण?"

यमुनाबाईंनी विचार केला. पदवी कंपनीकडे गेली होती. घरात दुसरे कुणी शिकलेले नव्हते.

"आपणच की," त्या म्हणाल्या. "जा, कुकर लाव."