पेडणेकरांची शिडी

शाल दिसली की पेडणेकर पळतात. बहारीनच्या उकाड्यात कोणीही पळेल म्हणा, पण हे एसी हॉलमधूनसुद्धा पळतात. कारण आमच्या मराठी मंडळाचा रिवाज. माणूस साठीचा झाला की त्याला शाल-श्रीफळ द्यायचं, पहिल्या रांगेत बसवायचं आणि पुन्हा कशाला म्हणून हात लावू द्यायचा नाही.

"शाल मफी!" पेडणेकर हात झटकतात. मफी म्हणजे नाही. अरबी त्यांना जेमतेम येतं, पण हा शब्द पक्का. "वहिनी, एकदा शाल पडली की माणूस खलास. मग नुसतं 'काका, बसा. काका, पाणी देऊ?' मी काय कुंडीतलं झाड आहे?"

पेडणेकर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मनाम्यात बँकेत नोकरी. लिफ्ट असून जिन्यानं चढतात, तेही शीळ घालत. धाप लागलेली नाही हे सगळ्या बिल्डिंगला कळायला नको? पण खरा जीव मंडळाच्या शिडीत. गणपतीची तोरणं, माळा, पडदे, सगळं दरवर्षी तेच चढून बांधणार. दुसऱ्यानं शिडीला हात लावलेला खपत नाही.

यंदा मात्र तयारीच्या मीटिंगलाच मंडळानं दार लावून घेतलं आणि त्यांना शाल घातली. आमचे हे मंडळाचे सेक्रेटरी. म्हणाले, "काकांनी आता आराम करायचा. शिडीचं आम्ही तरुण बघू." हे तरुण सत्तेचाळीसचे.

"अहो, बँकेनं साठीनंतरही माझा व्हिसा वाढवला, आणि तुम्हाला शिडी देववत नाही?" पेडणेकर म्हणाले.

"काका किती गोड बोलतात ना!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पेडणेकर हसले नाहीत. मला त्या सगळ्यांचा असा राग आला!

सजावटीच्या दिवशी आमचे हे तिसऱ्या पायरीवर पोचले आणि शिडीला मिठी मारून ओरडले, "अरे, धरा रे कोणीतरी!" पहिल्या रांगेतले पेडणेकर उठले. खांद्यावरची शाल काढून त्यांनी नीट घडी घातली आणि शिडी घसरू नये म्हणून तिच्या पायांपुढे घट्ट सारली. फरशी गुळगुळीत होती.

"उतरा, सेक्रेटरी. शाल सत्कारणी लागली."

हे मुकाट्यानं उतरले आणि बाकीच्यांबरोबर चहाला गेले. शिडी धरायला राहिले मी.

"पेडणेकर, पडलात म्हणजे? कशाला एवढा हट्ट?"

ते वर तोरणाची गाठ मारत होते. खाली न बघताच म्हणाले, "वहिनी, जमिनीवर मी सगळ्यांचा काका. वर चढलो की लोक नावानं हाका मारतात. पेडणेकर, डावीकडे! पेडणेकर, जरा वर!" त्यांनी गाठ आवळली. "आमची सुमन होती तेव्हा शिडी तीच धरायची. 'अहो, वाकडं झालंय' म्हणायची. झालेलं नसलं तरी. आता घरी काहीही लावलं तरी वाकडं म्हणणारं कोणी नाही."

मी मान वर करून पाहिलं. तोरण अगदी सरळ होतं.

"अहो पेडणेकर," मी ओरडले, "वाकडं झालंय! डावी बाजू वर घ्या!"

त्यांनी तोरणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि डावी बाजू चांगली वीतभर वर ओढली.

"आता?"

"आणखी थोडी."

विसर्जनापर्यंत तोरण तसंच तिरकं होतं. आमचे हे दोनदा म्हणाले, सरळ करून टाकतो. म्हटलं, शिडीला हात लावाल तर खबरदार.