पणजोबांच्या लढाईचं खोगीर

मुलाच्या, वीरधवलच्या साखरपुड्यात मलकापूरच्या भाऊसोंनी व्याह्यांपुढं हळूच सोडून दिलं, "आमच्या पणजोबांचं लढाईतलं खोगीर अजून घरात हाय." व्याही हरिबा, म्हणजे नवरीमुलगी अंकिताचे वडील, तासगावचे द्राक्षबागायतदार. त्यांनी शब्द खालीच पडू दिला नाही. "बघाय येतो की. घडवलंय कुणी, कुठल्या लढाईतलं, समदं सांगा." तेव्हापासून भाऊसोंची झोप उडाली. लढाई कुठली, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं?

दर खंडेनवमीच्या पूजेनं खोगिरावर हळदीकुंकवाचे थर चढले होते. कारागिराची खूण असलीच तर त्याखाली. हरिबा यायच्या दिवशी सकाळी भाऊसो कोमट तेल आणि उलथनं घेऊन बसले.

"उलथनं माजं हाय," भाऊसोंच्या पत्नी राणीवहिनी म्हणाल्या.

"इतिहासाचं काम चाललंय."

"इतिहास झाला की घासून ठेवा."

थर निघाला आणि खाली पितळी पट्टी चमकली. 'कारागीर केरबा, मिरज. सर्कशीतल्या बनुबाईंसाठी.'

बनुबाई म्हणजे भाऊसोंची पणजी. लढाई नाही, पणजोबा नाहीत. काष्टा मारून तंबूत घोडा पळवणारी पणजी! आता सोयरीक मोडतीय, असा भाऊसोंनी धसका घेतला. तेवढ्यात दारात गाडी थांबली. काही सुचेना, तसे ते सरळ त्या पट्टीवरच बसले.

"या पाव्हणं. हितनंच रामराम."

"आवं उठा की वाईच. खोगीर बघाय आलोय."

भाऊसो उठायला गेले, पण उठता येईना. बनुबाई शेलाटी असणार, भाऊसो नव्हते. हरिबांनी हात धरून ओढलं, तसे ते खोगिरासकट उभे राहिले. मग तेलानं सुटून खोगीर व्याह्यांच्या पायाशी पडलं, पट्टी वर करून.

हरिबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग आवाज खाली आणला. "भाऊसो, आमचा आज्जा सुभेदार हुता म्हणून सांगितलं न्हवं मी?"

"व्हय."

"त्यो सर्कशीत विदूषक हुता. ह्याच बनुबाईच्या घोड्यामागं पळायचा अन् पडायचा. तुमच्या लढाईचं नाव कळलं की त्यालाबी तीत घालणार हुतो."

भाऊसोंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. दोघं व्याही पोट धरधरून हसत सुटले. राणीवहिनी चहा घेऊन आल्या. "कुठली लढाई निघाली मग?"

"लढाईचं कळंना," भाऊसो डोळे पुसत म्हणाले, "पर दोन्ही घराणी एकाच मोहिमेवर हुती."

वहिनींनी वाकून पट्टी वाचली आणि चहाचा कप हरिबांच्या हातात दिला.

"मग वरातीला घोड्यावर तुमच्या अंकितालाच बसवू," त्या म्हणाल्या. "आमचा वीरधवल पळंल मागनं."