गंजवलेलं फाटक

१९७८ सालची गोष्ट. टेकडीच्या उतारावरच्या त्या बंगल्यांच्या वसाहतीत श्रीमंती घरोघरी होती. चढाओढ होती ती जुनेपणाची. नगरपालिका सर्वांत जुन्या घराला पितळी पाटी देणार, हे कळलं आणि वकिलीणबाईंची झोप उडाली. समोरच्या डॉक्टरांनी तर दिवाणखान्यात आजोबांचं तैलचित्रही टांगलं.

"कसले आजोबा! जुन्या बाजारातून आणलेत," बाई फणकारल्या. "आपलं घर जुनं दिसलंच पाहिजे."

"अगं, गेल्याच वर्षी रंग दिलाय," वकीलसाहेब म्हणाले.

"मग तो खरवडा."

रंग खरवडला. शेवाळ धरावं म्हणून भिंतींना ताक फासलं. नव्याकोऱ्या लोखंडी फाटकावर रोज मिठाचं पाणी शिंपडलं.

"माझी जुनी भांडी मोडीत काढलीस," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "आणि आता नवं फाटक गंजवतेस?"

नगरपालिकेची समिती पाहणीला आली, मागोमाग डॉक्टरही मजा बघायला आले. फाटक मात्र उघडेना. बिजागऱ्या गंजून घट्ट बसल्या होत्या.

"ओढा हो!" बाई ओरडल्या. वकीलसाहेबांनी आतून ओढलं, समितीच्या अध्यक्षांनी बाहेरून ढकललं, आणि फाटक खांबासकट अंगणातल्या कमळाच्या हौदावर आडवं झालं. हौदाच्या संगमरवरी फरश्या निखळल्या. आत काळ्या दगडाचं जुनं पात्र दिसलं.

अध्यक्ष वाकले. "हे काय?"

"राजेशाही कारंजं असणार," बाई घाईघाईने म्हणाल्या.

सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. "कसलं कारंजं! आमच्या म्हशींची पाण्याची डोण आहे ती. सगळा उतार गोठ्यांचाच होता."

डॉक्टर खो खो हसले.

"हसतोस काय रे? तुझ्या आजीची म्हैसही इथंच पाणी प्यायची."

डॉक्टरांचं हसू मावळलं. अध्यक्ष म्हणाले, "वसाहतीत खरं जुनं एवढंच दिसतंय." पाटी डोणीवर बसली.

पुढे डॉक्टरांचे आजोबा माळ्यावर गेले. वकीलसाहेबांनी लाकडी फाटक बसवलं आणि त्याला तेल घालायचं काम जन्मभर स्वतःकडे ठेवलं. सासूबाई डोणीशेजारी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हशींची नावं सांगत. त्या गेल्यावर खुर्ची काही दिवस रिकामी राहिली. मग एका संध्याकाळी तिच्यात वकिलीणबाई येऊन बसल्या.

"आमची स्वतःची डोण होती बरं का," त्या पाहुण्यांना सांगत. "डॉक्टरांची म्हैस आमच्याकडे यायची."